अंगही अठ्ठ्याण्णव, आधणही अठ्ठ्याण्णव!

आधी एक कोडं सोडवा.

सोलापुरातलं एक घर. स्वयंपाकघरात भातासाठी आधण ठेवलंय आणि पाणी खळखळ उकळतंय. बाहेरच्या खोलीत तोंडात थर्मामीटर धरून एक मुलगी बसली आहे. सकाळपासून ‘अंगात कणकण आहे’ म्हणत तिने शाळा बुडवायचा बेत केलाय. आई थर्मामीटर उजेडात धरून बघते आणि म्हणते, ‘साडेअठ्ठ्याण्णव. काही ताप नाही, दप्तर भर.’ तेवढ्यात प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर घेऊन मोठा भाऊ येतो. आईच्या देखरेखीखाली तो त्याचं टोक आधणात बुडवतो, आकडा बघतो आणि ओरडतो, ‘साडेअठ्ठ्याण्णव!’

अंगही साडेअठ्ठ्याण्णव आणि उकळतं पाणीही साडेअठ्ठ्याण्णव! मग मुलीच्या कपाळावर भात शिजायला हवा, नाहीतर आधणात बोट घातलं तरी भाजायला नको. (बोट घालून बघू नका हं!)

गंमत अशी की दोन्ही थर्मामीटर बरोबर आहेत. आईने आकडा नीट वाचला, भावानेही नीट वाचला. फक्त दोघांनीही आकड्यापुढचं एक अक्षर वाचलं नाही. आईच्या थर्मामीटरवर ते अक्षर फॅरनहाइटचं होतं आणि भावाच्या थर्मामीटरवर सेल्सिअसचं.

पण थांबा. तुमच्यातल्या एखाद्या हुशार वाचकाने आत्ताच हात वर केला असेल. ‘पाणी तर १०० अंश सेल्सिअसला उकळतं! पुस्तकात तसंच दिलंय. साडेअठ्ठ्याण्णव कुठून आलं?’

पुस्तक बरोबरच आहे, पण त्यातले १०० अंश समुद्रकिनाऱ्याचे आहेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. जितकं उंच जावं तितका डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो आणि त्या हवेचा पाण्यावरचा दाबही कमी होतो. दाब कमी झाला की पाण्याची वाफ होणं सोपं जातं, म्हणून ते लवकर उकळतं. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. मुंबईत पाणी १०० ला उकळतं, सोलापुरात साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास आणि महाबळेश्वरला तर साडेपंचाण्णवच्या आसपासच. तिथे कुकर नसेल तर डाळ शिजवताना घरातल्यांचा कस लागतो तो यामुळेच.

म्हणजे सोलापुरात पाणी जितक्या सेल्सिअसला उकळतं, जवळजवळ तितकेच फॅरनहाइट आपलं अंग असतं. हा निव्वळ योगायोग आहे. पण आकडा एकटा काहीच सांगत नाही, हे याहून चांगलं दाखवणारं गाव शोधून सापडायचं नाही!

आता प्रश्न असा, की एकाच घरात दोन मापं आली कशी? टीव्हीवर बातमी येते, ‘सोलापूरचा पारा ४३ अंशांवर.’ ते सेल्सिअस. डॉक्टर म्हणतात, ‘ताप १०२ आहे, गोळी द्या.’ ते फॅरनहाइट. हवेला एक माप आणि अंगाला दुसरं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे दोन्हीला फॅरनहाइटच लावत. १८७५ साली स्थापन झालेलं भारतीय हवामान खातंही आधी त्याच मापात आकडे देत असे. तुमच्या पणजोबांच्या तरुणपणी सोलापूरचा उन्हाळा १०५, १०८ असा सांगितला जाई. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. शेर आणि मण जाऊन किलो आले, मैल जाऊन किलोमीटर आले आणि हवामानही सेल्सिअसमध्ये सांगायला लागले. तापाचा थर्मामीटर मात्र हटला नाही. घरोघरच्या आयांना आणि आज्यांना ‘शंभराच्या वर म्हणजे ताप’ हे इतकं पक्कं ठाऊक होतं की ते बदलायला कुणी धजलं नाही. माझ्या मते ही खूण आहेच तशी सोयीची.

दोन मापांमध्ये फरक नेमका कशाचा असतो? पहिला फरक शून्याचा. भिंतीवरचं कालनिर्णय बघा. गुढीपाडव्यानंतरचा एखादा दिवस घेतला तर त्याच दिवसाला एकीकडे इसवी सन २०२५ लिहिलेलं असतं आणि दुसरीकडे शके १९४७. दिवस तोच असतो, फक्त मोजायला सुरुवात ७८ वर्षं पुढून केलेली असते. तापमानाचंही तसंच आहे. पण शकाचं वर्ष आणि इसवी सनाचं वर्ष सरासरीने सारख्याच लांबीचं असतं, म्हणून तिथे नुसती वजाबाकी पुरते. तापमानात आणखी एक भानगड आहे. इथे सुरुवात तर वेगळी आहेच, शिवाय एकेक अंशही लहानमोठा आहे. ही भानगड समजायला दोन माणसांची गोष्ट ऐकावी लागेल.

पहिला डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट. जन्म १६८६, गाव डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. पुढे तो हॉलंडमध्ये स्थायिक झाला आणि काचेची उपकरणं बनवायला लागला. त्या काळी दोन कारागिरांचे थर्मामीटर एकमेकांशी जुळत नसत. एकाचा ‘फार गरम’ म्हणजे दुसऱ्याचा ‘बरा गरम’. फॅरनहाइटने नळीत पारा भरला आणि असे थर्मामीटर बनवले, की एकाच पाण्यात दोन बुडवले तर दोन्ही एकच आकडा दाखवत. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा लोक थक्क झाले होते.

त्याला शून्य ठरवायचं होतं. शून्याच्या खाली आकडे जाऊ नयेत, म्हणून त्याने खूप थंड काहीतरी शोधलं: बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण. नवसागर माहीत आहे ना? कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर पांढरी पूड टाकतो आणि भसकन धूर निघतो, तीच ही पूड. बर्फात नवसागर किंवा साधं मीठ घातलं की बर्फ वितळतो आणि वितळताना मिश्रण आणखी गार होत जातं. हाताने फिरवायच्या पॉटमध्ये कुणी आइसक्रीम केलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर बर्फात खडेमीठ का घालतात ते आता कळलं असेल. नुसता बर्फ घातला तर दूध घट्ट व्हायचं नाही. फॅरनहाइटने या मिश्रणाला शून्य म्हटलं. साधा बर्फ वितळतो तिथे ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६. १७२४ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

३२ आणि ९६ हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांच्यातला फरक बघा: ६४. चौसष्टचे निम्मे ३२, त्याचे १६, मग ८, ४, २, १. दोन खुणांमधलं अंतर पुन्हा पुन्हा निम्मं करत गेलं की सगळे अंश आपोआप आखले जातात. काचेच्या नळीवर हाताने रेघा मारणाऱ्याला याहून सोयीचा आकडा सापडणार नाही. नंतर लोकांनी हे माप जरा सरकवून पक्कं केलं: बर्फाला ३२ आणि उकळत्या पाण्याला २१२. त्यामुळे अंगाचा आकडा ९६ वरून थोडा वर गेला.

दुसरा अँडर्स सेल्सिअस, स्वीडनमधल्या उप्साला गावचा खगोलशास्त्रज्ञ. १७४२ साली त्याने आपलं माप मांडलं. बर्फ आणि उकळतं पाणी या दोन खुणांच्या मधे त्याने सरळ १०० भाग केले. आपल्या कोड्यातली आधणाची गोष्ट त्यानेच नीट तपासली होती: बर्फ वितळण्याची खूण हलत नाही, पण पाणी उकळण्याची खूण हवेच्या दाबाबरोबर वरखाली होते. म्हणजे सोलापूरच्या साडेअठ्ठ्याण्णवचं सेल्सिअससाहेबांना मुळीच नवल वाटलं नसतं.

पण आपल्याला नवल वाटेल अशी एक गोष्ट त्याने केली होती. त्याचं माप उलटं होतं! उकळत्या पाण्याला त्याने शून्य म्हटलं आणि बर्फाला शंभर. ते माप तसंच राहिलं असतं, तर मे महिन्यात बातमी आली असती, ‘सोलापूरचा पारा ५७ अंशांवर घसरला, नागरिक उन्हाने हैराण!’ आणि जानेवारीच्या थंडीत, ‘पारा ८४ वर चढला, स्वेटर काढा.’ सेल्सिअस १७४४ साली वारला आणि त्यानंतर लवकरच माप सुलटं झालं. आपण ‘आकडा चढला’ म्हणजे तापलं असं बिनदिक्कत म्हणतो ते त्यामुळे.

आता हिशोब. बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत सेल्सिअसच्या १०० पायऱ्या आणि फॅरनहाइटच्या १८० (२१२ वजा ३२). म्हणजे सेल्सिअसच्या ५ पायऱ्या चढलात की फॅरनहाइटच्या ९ चढल्या. हे एवढंच डोक्यात ठेवलं तर सूत्र पाठ करायला नको. शून्याला ३२ पासून निघा आणि पाच-पाच, नऊ-नऊ चढत जा: २५ ला ७७, ३० ला ८६, ३५ ला ९५, ४० ला १०४, ४५ ला ११३. डॉक्टर १०४ ताप म्हणतात तो बरोबर ४० सेल्सिअस, दशांशही उरत नाही.

मधला एखादा आकडा हवा असेल तर तोंडी करायची युक्ती अशी: दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा आणि ३२ मिळवा. सोलापूरचे ४३ घ्या. दुप्पट ८६. दहावा भाग ८.६ काढला, राहिले ७७.४. त्यात ३२ मिळवले, १०९.४. झालं! कागद नको की मोबाइल नको.

उलट जायचं असेल तर ३२ वजा करा, निम्मे करा आणि दहावा भाग मिळवा. ताप १०२ असेल तर ३२ जाऊन ७०. निम्मे ३५. दहावा भाग ३.५ मिळवला की ३८.५. खरं उत्तर आहे ३८.८८ आणि पुढे आठच आठ. थोडी चूक राहिली. मग ३५ चा शंभरावा भाग, म्हणजे ०.३५, तोही मिळवा: ३८.८५. आता हजारावा भाग मिळवा: ३८.८८५. जितका धीर धराल तितके उत्तराच्या जवळ जाल, कारण मुळात भागायचं असतं नवाने, आणि १० ला ९ ने भागलं की १.११११ असे न संपणारे एक येतात. तापासाठी पहिल्या दोन पायऱ्या पुरतात. पण गणिताची ज्यांना गोडी आहे त्यांनी वहीत पुढे जाऊन बघावं, फार मजा येते.

आणखी एक गंमत सोलापूरच्या वर्षातच लपली आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा पहाटे पारा १६ सेल्सिअसच्या जवळपास असतो. १६ चे फॅरनहाइट करा: ६०.८, म्हणजे ६१ धरा. १६ आणि ६१! आता पावसाळ्यातली एखादी ढगाळ दुपार घ्या, २८ सेल्सिअस. फॅरनहाइट येतं ८२.४, म्हणजे ८२. २८ आणि ८२! आकडे नुसते उलटे फिरवायचे. १६ वरून २८ वर जायला १२ अंश लागतात आणि ६१ वरून ८२ वर जायला २१. तेही उलटेच. यामागे निसर्गाचा काही गूढ नियम नाही, आकड्यांचा खेळ आहे. पण एकदा कळला की विसरायला होत नाही, आणि १६ व २८ ही दोन ठिकाणं पक्की झाली की मधले आकडे अंदाजाने सांगता येतात.

आता तापाचा जुना काचेचा थर्मामीटर हळूच हातात घ्या. (पारा विषारी असतो. थर्मामीटर फुटला तर गोळ्या चमकतात म्हणून हाताने खेळू नका, मोठ्या माणसांना बोलवा.) त्यावर आकडे ९४ पासून सुरू होतात आणि १०८ ला संपतात. ९८ च्या पुढे एक छोटी खूण किंवा बाण असतो. खाली पाऱ्याचा फुगा आणि त्याच्या लगेच वर, नीट निरखून पाहिलं तर, नळी एका जागी फार अरुंद झालेली दिसते. तापलेला पारा या चिमट्यातून जोराने वर जातो, पण गार होताना तिथे पाऱ्याची तार तुटते आणि वर गेलेला पारा वरच राहतो. म्हणून तोंडातून काढल्यावरही आकडा वाचता येतो आणि म्हणूनच पुन्हा लावायच्या आधी मनगटाने झटकावा लागतो.

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, पत्र्याच्या खोलीत हा थर्मामीटर टेबलावर ठेवला आहे असं समजा. बाहेर सावलीत ४३ आहे. आपण हिशोब केलाच आहे, १०९.४ फॅरनहाइट. पण थर्मामीटर तर १०८ ला संपतो! कुणाच्याही तोंडात न घालता पारा शेवटच्या रेघेपर्यंत जाऊन बसलेला असतो. झटकला तरी क्षणात पुन्हा चढतो. अशा दिवसांत आधी त्याचं टोक माठातल्या पाण्यात बुडवावं लागतं, मग झटकावं लागतं, मग ताप बघता येतो.

याचा अर्थ लक्षात आला का? सोलापूरची हवा त्या दिवशी तापाने फणफणलेल्या माणसापेक्षाही गरम असते. एरवी आपलं शरीर उष्णता हवेला देतं. त्या दुपारी हवाच उलट आपल्याला उष्णता देते. मग शरीराकडे गार राहायचा एकच उपाय उरतो, घाम. घामाची वाफ होताना ती अंगाची उष्णता घेऊन जाते. घामासाठी पाणी लागतं, म्हणून आई बाटली भरून देते ती विसरायची नसते. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम कपाळावर दिसायच्या आत उडून जातो. ‘घाम कुठे आलाय मला’ असं वाटतं आणि तिथेच मुलं फसतात.

ही ४३ ची बातमी ज्या उपकरणावरून येते, ते म्हणजे तापाच्या थर्मामीटरचा थोरला भाऊच. दिवसाचं कमाल तापमान मोजणाऱ्या पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये तसाच अरुंद गळा असतो. दुपारी पारा चढतो आणि संध्याकाळी कुणी नोंद करेपर्यंत तिथेच थांबतो. तो उन्हात ठेवत नाहीत. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी असते, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, तिच्यात तो असतो. पेटीचं नाव स्टीव्हन्सन पडदा. ती तयार केली दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सनने, आणि त्याचा मुलगा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन म्हणजे चाच्यांच्या आणि खजिन्याच्या शोधाची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी लिहिणारा! तेव्हा ‘डांबरी रस्त्यावर तर ५५ असेल’ असं कुणी म्हणालं तर तेही खरं असू शकतं. बातमीतला आकडा सावलीतल्या हवेचा असतो, रस्त्याचा नव्हे.

बरं, अंगाचं म्हणून जे ९८.६ सांगतात, ते इतकं नेमकं कुणी मोजलं? जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये कार्ल वुंडरलिश नावाचे डॉक्टर होते. सुमारे २५,००० रुग्णांचं तापमान त्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं आणि १८६८ साली पुस्तक काढलं. त्यांचा आकडा होता साधासुधा ३७ सेल्सिअस. त्याचं फॅरनहाइट केलं की येतं ९८.६. म्हणजे दशांशचिन्हापुढचा तो रुबाबदार सहा शरीरातून आलेला नाही, हिशोबातून आलाय. खरं तर अंगाचं तापमान माणसागणिक थोडं वेगळं असतं आणि सकाळपेक्षा संध्याकाळी जरा जास्तच असतं. ९७.९ आलं म्हणून घाबरू नका आणि ९८.९ आलं म्हणून शाळाही बुडवू नका.

आता एक सापळा दाखवायलाच हवा, कारण मोठी माणसंही त्यात पाय अडकवतात. बातमी आली, ‘कालच्यापेक्षा आज तापमान ५ अंशांनी वाढलं.’ अमेरिकेतल्या आत्याला हे फॅरनहाइटमध्ये कसं सांगाल? कुणीतरी लगेच सूत्र लावेल: ५ ची दुप्पट १०, दहावा भाग काढला ९, मिळवा ३२, झाले ४१. ‘आत्या, आमच्याकडे एका दिवसात ४१ अंशांनी वाढलं!’ आत्या खुर्चीवरून पडेल. वाढ सांगताना ३२ मिळवायचेच नसतात. ३२ हा दोन शून्यांमधला फरक आहे, आणि वाढ म्हणजे किती पायऱ्या चढलो एवढंच. पायऱ्या कुठून मोजायला घेतल्या याच्याशी तिचा संबंध नाही. ५ सेल्सिअसची वाढ म्हणजे ९ फॅरनहाइटची वाढ. पृथ्वीचं तापमान दीड अंशाने वाढण्याची चर्चा तुम्ही ऐकता, ते दीड सेल्सिअस म्हणजे २.७ फॅरनहाइट. तिथे चुकून ३२ मिळवले तर पृथ्वी भाजून निघाल्याची बातमी होईल.

शेवटी माझी सगळ्यात आवडती गोष्ट. दोन्ही मापांचे आकडे कधी एकच येतात का?

येतात. सेल्सिअस शून्यावर असताना फॅरनहाइट ३२ ने पुढे असतं. आता थंडीत खाली उतरू या. सेल्सिअस एक पायरी उतरलं की फॅरनहाइट १.८ उतरतं, म्हणजे दोघांमधलं अंतर दर पायरीला ०.८ ने कमी होतं. ३२ चं अंतर ०.८-०.८ ने संपवायला किती पायऱ्या लागतील? ३२ भागिले ०.८, उत्तर ४०. शून्याखाली ४० वर दोन्ही मापं एकत्र येतात. उणे ४० सेल्सिअस म्हणजेच उणे ४० फॅरनहाइट. तिथे एकक लिहायचं राहिलं तरी बिघडत नाही!

असं ठिकाण कुठे असेल? सैबेरियात? अंटार्क्टिकात? तिथे तर आहेच, पण तुम्ही सोलापुरात असाल तर अक्कलकोटला जायला जितका रस्ता लागतो त्याच्या साधारण पाव अंतरावरच ते आहे. फक्त रस्ता सरळ वर जातो. जमिनीवर ४२-४३ ची होरपळ चालू असताना डोक्यावर अकराएक किलोमीटर उंचीवर हवा उणे ४० च्या आसपास असते. मोठी प्रवासी विमानं साधारण त्याच उंचीवरून जातात. विमानात समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान दोन्ही मापांत दाखवतात. कधी बसलात तर लक्ष ठेवा, दोन्ही आकडे एक झालेले दिसतील. आणि त्या जागी पाऱ्याचा थर्मामीटर नेऊन उपयोग नाही, कारण पारा स्वतःच उणे ३८.८ सेल्सिअसला गोठून घट्ट होतो. दोन्ही मापं जिथे भेटतात तिथे फॅरनहाइटचा लाडका पाराच मुका होतो!

ढगांसाठीही ही उंची महत्त्वाची. ढगातले बारीक थेंब शून्याखाली गेले तरी लगेच गोठत नाहीत. उणे दहा, उणे वीस, काही तर उणे तीसच्याही खाली पाणीच राहतात. उणे ४० येईपर्यंत मात्र सगळ्यांचा बर्फ झालेला असतो. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. ढग येतात, पण पाऊस न देता पुढे जातात. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशातच ढगांवर प्रयोग केले. विमानातून काही ढगांत पाणी शोषणारे क्षारकण सोडले, काही ढग तसेच ठेवले आणि कुणाकडून किती पाऊस पडतो ते रडारने बघितलं. अशा कामात ढग कुठपर्यंत कोमट आहे आणि कुठून गोठायला लागतो, हे अंशाअंशाने ठाऊक असावं लागतं.

शास्त्रज्ञ मोठे हिशोब करतात ते आणखी एका तिसऱ्या मापात, केल्विनमध्ये. १८४८ साली विल्यम थॉमसनने ते सुचवलं. पुढे तो लॉर्ड केल्विन झाला, म्हणून मापाचंही नाव केल्विन. याचं शून्य कुणाच्या सोयीचं नाही, निसर्गाचं आहे: याहून थंड काही असूच शकत नाही, ते उणे २७३.१५ सेल्सिअस. म्हणून ‘दुप्पट गरम’ हा शब्द फक्त केल्विनमध्येच खरा ठरतो. २२ सेल्सिअसपेक्षा ४४ दुप्पट गरम वाटतं, पण केल्विनमध्ये ते २९५ आणि ३१७ आहेत, म्हणजे जेमतेम सात टक्के जास्त. एवढ्या सात टक्क्यांत सोलापूरचे रस्ते दुपारी ओस पडतात!

जाता जाता तुमच्यासाठी गृहपाठ. सेल्सिअस आणि केल्विन कधीच भेटत नाहीत, कारण दोघांच्या पायऱ्या सारख्या आणि अंतर कायम २७३.१५ चं. फॅरनहाइट आणि केल्विन मात्र एका ठिकाणी भेटतात. तो आकडा शोधा. सुरुवात बर्फापासून करा: तिथे फॅरनहाइट ३२ आणि केल्विन २७३.१५. आता उतरायचं नाही, चढायचं, आणि अंतर पुन्हा ०.८-०.८ नेच कमी होणार. उत्तर साडेपाचशे आणि सहाशेच्या मधे आलं तर तुमची वाट बरोबर आहे. मग त्याच जागी सेल्सिअस किती, तेही काढा आणि तिन्ही आकडे एककासह पोस्टकार्डावर लिहून पाठवा.